सुई कोणाच्या बोटात?

इन्सुलिनच्या पेनाची सुई 4 ते 8 मिलिमीटरची. टोचून झाली की ती टिश्यूत गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकणारी घरं बहुतेक सोसायट्यांत सापडतील. मग पुण्यात 'स्वच्छ' सहकारी संस्थेची एखादी कचरावेचक ती पिशवी सोडते, पुठ्ठा-बाटल्या निवडायला हात घालते आणि सुई तिच्या बोटात जाते. सुईवरचं रक्त कोणाचं, त्याला कावीळ 'ब' किंवा 'क' आहे का, एचआयव्ही आहे का, हे तिला कोण सांगणार? पुढे तपासण्या, बुडालेली रोजची कमाई आणि निकाल येईपर्यंतची धास्ती. याला अपघात म्हणू नका. ही आपण केलेली इजा आहे.

आणि ती टाळायला एक पैसा लागत नाही. फिनेलची किंवा डिटर्जंटची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. सुया आणि साखर तपासायच्या लॅन्सेट तिच्यातच टाका. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर ठळक 'सुया' लिहा आणि कचरा घेणाऱ्या ताईंना सांगून वेगळी द्या. सांगून द्या, हे महत्त्वाचं.

सुयांसारखा घातक कचरा घरात आणखीही असतो. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडा, झाडू न फिरवता कडक पुठ्ठ्यानं तुकडे उचला. मुदत संपलेली औषधं संडासात ओतू नका. मैलाशुद्धीकरणात ती पूर्ण निघत नाहीत. मोबाइलची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

आता महापालिका. घरातल्या घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारा आणि त्याच्या वेळा जाहीर करा, असं घनकचरा नियमांनी 2016 सालीच बजावलं. पुण्याची हद्द 2021 साली 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली होती. म्हणजे तेव्हाच 25हून अधिक केंद्रं हवी होती. तुमच्या भागातलं कुठं आहे, ठाऊक आहे? नसेल तर दोष तुमचा नाही. वर्गीकरण केलं नाही म्हणून लोकांना दंड करायचा आणि वेगळा केलेला कचरा न्यायचा कुठं ते सांगायचं नाही, हे खपवून घेऊ नका. क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या: केंद्राचा पत्ता काय, ते उघडं कधी असतं, आणि तिथला माल पुढं कोणत्या प्रकल्पात जातो? अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.