फॉरेक्सकाका

परदेशी जाताना खर्चाचे पैसे कोणत्या रूपात न्यावेत, या प्रश्नाचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सापडते आणि अधिकृत चलनविक्रेत्याच्या खिडकीवरही मिळते. तथापि छत्रपती संभाजीनगरात, विशेषतः सिडकोच्या वसाहतींत आणि ज्योतीनगर-उस्मानपुरा परिसरात, ते देण्याचा मान एका विशिष्ट प्रकारच्या गृहस्थाकडे जातो आणि सोयीसाठी त्यास ‘फॉरेक्सकाका’ म्हणता येईल. हा गृहस्थ बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेला असतो. तेथे त्याचा परकीय चलनाशी संबंध आला असेलच असे नाही (उभी हयात पीककर्जात घालवलेले काकाही या पदास पोचलेले आढळतात), मात्र मुलगा किंवा मुलगी परदेशी असणे ही किमान अर्हता सर्वत्र कसोशीने पाळली जाते.

हा प्रकार याच भूमीत उपजावा, याला इतिहासाचा आधार आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे चलन स्वतःचे, म्हणजे उस्मानिया सिक्का, लोकांच्या बोलीत ‘हाली’, तर इंग्रजी मुलखातला रुपया ‘कलदार’. सात हालीला सहा कलदार असा साधारण हिशेब असल्याने मनमाडला गाडी बदलणाऱ्या माणसाला पैसेही बदलावे लागत, आणि पलीकडच्या लग्नातला आहेरसुद्धा सातास सहाने मोजावा लागे. आणखी मागे जायचे तर शेजारच्या दौलताबादेस राजधानी आणणाऱ्या मुहंमद तुघलकाने १३२९च्या सुमारास तांब्यापितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवून पाहिली आणि लोकांनी घरोघर टांकसाळी काढल्या. कोणत्याही चलनव्यवस्थेवर संपूर्ण विश्वास टाकू नये, हा काकांचा बाणा त्या शेजारातूनच आला असण्याचा संभव आहे.

काकांचा हंगाम उन्हाळ्यात, युरोप-सहलींच्या दिवसांत भरास येतो; वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांतून प्रशिक्षणासाठी निघालेले अभियंते बारमाही असतात. सल्ला मागणाऱ्यास ते प्रथम ‘कुठे निघालास?’ असे विचारीत नाहीत, ‘कार्ड कुठलं आहे?’ असे विचारतात, आणि उत्तर काहीही आले तरी मान हलवतात. त्यांचे मुख्य प्रतिपादन असे की, सगळे पैसे एका रूपात नेऊ नयेत. थोडी रक्कम नोटांत असावी; मोठा हिस्सा फॉरेक्स कार्डावर, म्हणजे ज्यात परकीय चलन आधीच भरून ठेवले जाते आणि ज्याचा दर भरतानाच ठरतो अशा कार्डावर, असावा; आणि नेहमीचे क्रेडिट कार्ड अडीअडचणीपुरते ठेवावे, कारण त्यावरील परदेशी खर्चावर बँका पुष्कळदा साडेतीन टक्क्यांच्या आसपास ‘मार्कअप’ नावाची आकारणी करतात आणि त्या आकारणीवर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर बसतो. येथवर काकांच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही. परदेशी दुकानदाराने यंत्र पुढे करून ‘रुपयांत घेऊ का?’ असे आपुलकीने विचारले तर निक्षून नकार द्यावा, कारण त्या सोयीत (तिला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात) दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो, हेही त्यांचे सांगणे खरेच असते. फक्त ते सांगताना त्यांचा आवाज असा चढतो की, समोरचा तरुण स्वतःच तो दुकानदार असल्यासारखा ओशाळतो. भारतीय यूपीआय आता श्रीलंकेत आणि मॉरिशसमध्ये चालते आणि पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे तिकीटही त्यावर निघते, असे त्या तरुणाने धीर करून सांगितले, तर मनोऱ्याच्या पायथ्याशी भूक लागल्यावर काय करणार, एवढेच काका विचारतात.

नियमांच्या मर्यादा हा त्यांच्या विशेष प्रेमाचा विषय होय. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी भारतीयास आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता वा पाठवता येते, वर्षाला १० लाख रुपयांपुढील प्रवासखर्चाच्या चलनावर २० टक्के कर उगमस्थानी गोळा होतो व तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो, ही माहिती ते पाच दिवसांसाठी बँकॉकला चाळीस हजार रुपये घेऊन निघालेल्या नवदांपत्यासही संपूर्ण देतात. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच चलन नोटांच्या रूपात नेता येते, या नियमाला हज आणि उमरा यात्रेकरूंचा अपवाद आहे आणि तो काकांना तोंडपाठ असतो; रोशन गेटकडील एखादे जुने सहकारी उमऱ्याला निघाले की त्यांना तो सांगून झाल्यावर, रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये हज यात्रेकरूंसाठी वेगळ्या रंगाच्या दहा व शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या, हेही ते ऐकवतात. सहकाऱ्यांना रियाल कुठे स्वस्त मिळतील एवढेच हवे असते.

स्वस्त या शब्दापाशी मात्र काकांचे शास्त्र संपून स्वभाव सुरू होतो. प्रवासाचे चलन नियमाप्रमाणे निघण्याच्या फार तर ६० दिवस आधी घेता येते. काका त्याच्या कितीतरी आधीपासून दराची वही ठेवतात आणि रुपया पुढच्या आठवड्यात सावरेल असे भाकीत करीत राहतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर थांबलेल्या माणसाला डॉलर शेवटी मुंबईच्या विमानतळावर, म्हणजे सर्वांत महाग जागी, घ्यावे लागतात. भ्रमणध्वनीवर दिसणारा दर हा बँकांच्या आपसातील घाऊक व्यवहारांचा असतो आणि किरकोळ गिऱ्हाइकाला तो मिळत नाही, हे ठाऊक असूनही ते तोच दर खिडकीवर दाखवून घासाघीस करतात. क्रांती चौकातील दुकानापेक्षा जालना रोडवर चाळीस पैसे कमी आहेत असे कळल्यास ५०० डॉलरांसाठी तिसऱ्यांदा स्कूटर काढतात आणि वाचलेल्या २०० रुपयांचा उल्लेख पुढे वर्षभर करतात. त्यातून पेट्रोल वजा केलेले कोणी ऐकलेले नाही. मिळालेल्या नोटा ते उजेडात धरून पाहतात, दुमडलेली वा शाई लागलेली नोट परत करतात आणि उरलेल्या, गुलमंडीतल्या शिंप्याकडून बंडीला आतून शिवून घेतलेल्या चोरखिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात. या खिशाची चेन कमरेच्या पट्ट्याखाली येत असल्याने खरेदीच्या वेळी त्यांना आधी प्रसाधनगृह शोधावे लागते.

तेथेच त्यांच्या विद्येची खरी परीक्षा झाली असे या वर्गाच्या बहुतेक चरित्रांत दिसते. प्रत्यक्ष प्रवास काकांनी एकदाच केलेला असतो, तोही मुलाच्या खर्चाने; कार्डावर भरपूर युरो, चोरखिशात शंभराच्या कोऱ्या नोटा, आणि युरोपातल्या कित्येक सार्वजनिक प्रसाधनगृहांच्या दारात मागतात ते अर्ध्या युरोचे नाणे! ते काकूंकडे असते, कारण शेवेची पुडी उघडून सहप्रवाशांना वाटताना त्यांनी त्यांच्याकडून मोड गोळा केलेली असते. शेंद्र्याच्या ज्या अभियंत्याला काकांनी म्लादा बोलेस्लाव येथील स्कोडाच्या मुख्य कारखान्यासाठी युरो घ्यायला लावले, त्याला प्रागला उतरल्यावर चेक प्रजासत्ताकाचे चलन कोरुना असल्याचा शोध लागला. काकांनी यावर, युरोपीय संघात सामील होऊनही युरो न स्वीकारण्याच्या त्या देशाच्या धोरणावर कठोर टीका केली.

परतल्यावर न खर्चलेल्या चलनापैकी २,००० डॉलरांइतके स्वतःकडे ठेवून उरलेले १८० दिवसांत विकावे लागते. काकांकडे त्या मर्यादेत मावेल एवढेच शिल्लक असल्याने ते सगळे कपाटात राहते, आणि रुपया घसरला की सरकारच्या अर्थनीतीबद्दलचा संताप व कपाटातल्या नोटांचे वाढलेले मोल ही दोन्ही ते सारख्याच तळमळीने एका बैठकीत मांडतात. परकीय नाणी बाळगण्यास मात्र कायद्याने कोणतीच मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे काकूंची लवंग-वेलदोड्यांच्या जुन्या डबीतली मोड पूर्णपणे वैध असून, काकांकडून दीड तास मार्गदर्शन घेऊन निघालेल्या माणसाच्या हातावर त्या दारात चहाच्या कपाबरोबर अर्ध्या युरोची चार नाणी ठेवतात.