परंदवडीचं टपाल

पावसाबद्दल प्रभूकडे जाणारं टपाल कुणी उघडून पाहिलं, तर परंदवडीच्या गठ्ठ्यात मोठा गोंधळ सापडेल. इंद्रायणी भाताची रोपं लावणीला आली, की एकाला धो-धो पाऊस हवा असतो. शेजाऱ्याला मात्र घराचे पत्रे बदलून होईस्तोवर कडक ऊन. दोघेही रविवारी उपासनेत तितक्याच भावानं डोळे मिटतात. प्रभूनं करावं काय? तो बहुधा मावळात नेहमी पडतो तसा पाऊस पाडतो आणि दोघांचीही बोलणी खातो. माझ्या मागण्यांना तर तारखाही असतात. जवळच्या उर्से टोलनाक्यावर दांडी उठायला जरा वेळ लागला तरी हॉर्नवर हात जाणारी आम्ही माणसं. देवाच्या दारातही तो हात आवरत नाही.

म्हणून मला बेथानीची मार्था आवडते. भाऊ आजारी असल्याचा निरोप धाडूनही येशू पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. तो गावात शिरायच्या आत मार्थानं त्याला वाटेतच गाठलं आणि सुनावलं, की तो वेळेवर असता तर भाऊ गेला नसता. आणि लगेच पुढं म्हणाली, की अजूनही तू मागशील ते देव देईल. नामदेव-जनाबाईंच्या मुलखात हे भांडण कुणाला परकं वाटू नये. ज्याच्यावर भरवसा नाही, त्याच्यावर इतकं हक्कानं कोण रागावेल?

अर्थात लाजर उठला, मार्थाचा राग तिथंच निवला. लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्याला तसा चौथा दिवस आला नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा बाईंचा संसारच मोडला. त्या त्याच वाटेनं आल्या त्या काही वर्षांनी, स्वतःच्या पायांनी. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो म्हणणाऱ्या टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनी ते गेले. ख्रिस्ताचं त्यांनी लिहायला घेतलेलं ओवीबद्ध चरित्र, ‘ख्रिस्तायन’, दहा-अकरा अध्यायांवर थांबलं. आपलंच चरित्र ओवीबद्ध करणाऱ्या कवीला देवानं थोडी मुदतवाढ द्यायला काय हरकत होती, असं मला आजही वाटतं.

बाईंना शाळेचं शिक्षण नव्हतं, जोडाक्षरांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. तरी त्यांनीच ती ओवी उचलली आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. पुस्तक छापून आलं 1938 मध्ये. बाई 1936 मध्येच गेल्या होत्या. वर स्वर्गात टिळकांनी अधीर होऊन पहिल्या भेटीतच पुढचे अध्याय मागितले असतील, आणि बाईंनी त्यांना आधी आजवरचा सगळा हिशेब ऐकवला असेल. मध्यस्थी करायला प्रभू तिथं होताच. त्याच्याकडेही बाईंची थोडी थकबाकी निघत असणार.