खरं असेल, पण लागू आहे का?

पुण्यात हेल्मेटचा विषय काढा, उत्तरं तयार असतात. आधी खड्डे बुजवा. पोलीस तरी कुठे घालतात? हेल्मेट कंपन्यांची धन करायची आहे, दुसरं काय! 1 जानेवारी 2019 पासून सक्ती झाली तेव्हा हेच ऐकलं, आजही हेच ऐकतो.

यातलं एकेक वाक्य खरं असू शकतं आणि गोम तिथेच आहे. वाक्य खरं असलं की आपण मान डोलावतो आणि मूळ प्रश्न हातातून निसटतो. प्रश्न एवढाच होता की, गाडीवरून पडल्यावर हेल्मेट डोकं वाचवतं का? अपघातात सापडलेल्या मोटारसायकलस्वारांवरच्या अनेक अभ्यासांचा 2008 चा कॉक्रेन आढावा सांगतो की, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका 69 टक्क्यांनी कमी होतो. पोलिसाचं डोकं उघडं आहे म्हणून हे आकडे बदलत नाहीत. खड्डे तर उलट हेल्मेटच्याच बाजूने साक्ष देतात.

‘शहरात वेग कमी असतो’ किंवा ‘हेल्मेटमुळे बाजूचं नीट दिसत नाही’ हे आक्षेप मात्र मुद्द्याला धरून आहेत. ते चूक ठरतील किंवा बरोबर, पण तपासावे लागतील. त्यांना फाटे फोडणं म्हणता येणार नाही.

ओळखायचं कसं? समोरच्याचं म्हणणं क्षणभर पूर्ण खरं माना आणि विचारा, याने मूळ प्रश्नाचं उत्तर बदलतं का? बदलत नसेल, तर तो बादरायण संबंध.

बोलणाऱ्याचा स्वार्थ काढणं दर वेळी गैर नसतं. दुकानदार ‘हेच हेल्मेट सर्वांत मजबूत’ म्हणाला आणि आपल्याकडे त्याच्या शब्दापलीकडे काही नसेल, तर त्याचा नफा जरूर लक्षात घ्यावा. पण आयएसआय चिन्ह आणि चाचणीचे निकाल समोर असताना त्याचा नफा मोजत बसणं म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणं.

हा रोग आजचा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हार ठरवणाऱ्या 22 निग्रहस्थानांची यादी आहे आणि प्रस्तुत विषय सोडून भलतंच बोलणं, म्हणजे ‘अर्थान्तर’, हे त्यातलं एक. विषय सोडला की हरलात, इतका साफ हिशेब. आपल्याकडे टीव्हीवरच्या चर्चेत आणि सोसायटीच्या सभेत नेमका उलटा हिशेब चालतो. पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशेब मागणाऱ्याला ‘तुम्ही कधी कमिटीवर काम केलंय का?’ असं विचारतात, सभा हसते आणि हिशेब राहूनच जातो.

अशा वेळी त्या फाट्यावर वाद घालू नका. त्याने विषय आणखी लांब जातो. ‘मान्य, कमिटीवर नव्हतो. आता खर्चाचं सांगा,’ म्हणा. उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न विचारत राहा. हट्टी म्हणतील, म्हणू द्या. पैसे सगळ्यांचे आहेत.