माननीय सी ड्राइव्हसाहेब, किती हे तुकडे!

प्रति,
माननीय श्री. सी ड्राइव्हसाहेब,
मुक्काम : कृषी केंद्राच्या गल्ल्याखाली, चिमूर, जि. चंद्रपूर.

साष्टांग नमस्कार, वि. वि.

आमच्या उधारीच्या वहीला आपण आपल्या 40 जीबीच्या वाड्यात इतकी वर्षे आसरा दिलात, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. विंडोज एक्सपीवरचा हात त्याच्या मालकांनी 8 एप्रिल 2014 रोजी काढून घेतला; आपण नाही काढलात. आमचा खात्यांचा जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर उघडत नाही, हे आपण बरोबर हेरलेत. आपण राजकारणात असायला हवे होते.

मृग लागला की बियाण्यासाठी दुकानात रांग लागते. अशा वेळी बिलाचे बटण दाबताच आपण वाळूचे घड्याळ दाखवून सर्वांना संयम शिकवता. परवा सोयाबीनची थैली खांद्यावर घेतलेले एक कास्तकार म्हणाले, "भाऊ, तुमचं बिल निघेपर्यंत हे बी उगवते बापा." ही दाद आपलीच. आपल्यापर्यंत पोहोचवली.

स्वतःचे नाव पुढे येऊ न देण्याचा आपला विनय तर काय वर्णावा! आपल्यामुळे मी रॅम वाढवली, व्हायरस शोधला, पंख्यातली धूळ झटकली, वरचेवर जाणाऱ्या लाईनला शिव्या घातल्या आणि चंद्रपूरच्या उन्हालाही दोषी धरले. चेकडिस्क चालवले, तर बॅड सेक्टर एकही नाही. प्रकृती ठणठणीत! शेवटी डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे तुकडे सलग लावणारा प्रोग्रॅम, उघडून 'अॅनालाइझ' दाबले आणि पडद्यावर लालच लाल रेघा उमटल्या. मिरच्या वाळत घालाव्यात तशी आमची वही आपण घरभर पसरून ठेवली होती.

आपली व्यवस्था अगदी सोपी. मोकळी जागा दिसेल तिथे लिहायचे. वहीत रोज चार ओळींची भर पडते, पण तिच्या शेजारी पुतण्याच्या लग्नाचे फोटो येऊन बसलेले. मग वहीचा पुढचा भाग फोटोंच्या पलीकडे, त्यापुढचा कुणीतरी पुसलेल्या सिनेमाच्या खाचेत, आणि उरलेला थेट शिवेवर. कुणालाही उठवायचे नाही, हे आपले सौजन्य.

आपली तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते. सुईने जागेवर जायचे आणि हवा तो तुकडा खाली येईपर्यंत थांबायचे, यात साधारण 13 मिलिसेकंद जातात. हे काहीच नाही. पण वहीचे हजार तुकडे झाले की 13 सेकंद नुसत्या धावपळीत गेले. बालाजीची घोडायात्रा चिमुरात वर्षातून एकदा, माघात भरते; आपल्या सुईची यात्रा दर बिलाला. भक्ती असावी तर अशी.

शेतजमिनीसाठी 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे, पण आपल्याला सातबाराच नाही, त्यामुळे आपण मोकळे. तुकडोजी महाराजांची गोंदेड्याची तपोभूमी आमच्याच तालुक्यातली. महाराजांनी 'तुकड्या' हे नाव लावले आणि माणसे जोडली. आपण असले नाव लावले नाहीत, फक्त काम तेवढे केलेत.

उपचाराला आपण किती प्रेमाने साथ दिलीत! एक्सपीच्या डीफ्रॅगला 15 टक्के जागा मोकळी लागते. आपल्या मापाने जवळजवळ 6 जीबी. आपल्याकडे 2 सुद्धा निघेना. मग लग्नाचा व्हिडिओ सीडीवर उतरवला, वहिनींच्या परवानगीने पुसला, कचरापेटी रिकामी केली. तो व्हिडिओ आपल्या पोटात भरला कुणी आणि जागा संपत आल्याची सूचना वर्षभर बंद केली कुणी, हे कृपया विचारू नये.

पडद्यावर हिरव्या रेघाही होत्या, म्हणजे हलवता न येणाऱ्या फायली. हिरवे दिसले की आम्ही चिमूरकर समजून जातो : वनखात्याची हद्द, हात लावायचा नाही. तरी पेज फाइल शून्य करून मशीन पुन्हा सुरू केले, तेव्हा त्यातले बरेचसे हिरवे सरले. काम संपल्यावर तिला ठरावीक मापाची जागा नेमून दिली.

रात्री नऊला डीफ्रॅग लावले. आपण रात्रभर कुरकुरत होतात, माणसासारखे. सकाळी लाल जाऊन निळे पट्टे आले होते आणि वही सलग लागली होती. आता कास्तकाराने पैसे मोजून होण्याआधी बिल हातात पडते. एवढ्या वर्षांनी आपण हा चमत्कार केलात, म्हणून पुनश्च आभार.

लोभ असावा, पण जरा कमी. महिन्यातून एकदा भेटत जाऊ.

आपला कृपाभिलाषी,
गल्ल्यावरचा माणूस

ता. क. : साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण डीफ्रॅग लावण्याआधीच मी वही पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. हे पत्र वाचणाऱ्या इतरांनीही हाच क्रम ठेवावा : आधी नक्कल, मग चेकडिस्क, मग जागा, मग डीफ्रॅग. ड्राइव्ह टकटक वाजत असेल तर डीफ्रॅग लावूच नये. नक्कल घ्यावी आणि ड्राइव्ह बदलावा. नव्या मशीनमध्ये एसएसडी असेल तर हे औषध तिला देऊ नये. तिला सुईच नसते, फुकटची झीज तेवढी होते.