तेल न खाणारी पद्मिनी

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईतून अधिकृतपणे निवृत्त झाली. हा नियम टॅक्सीचा. घरगुती पद्मिन्या अजून आहेत. सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर पांघरून पडलेल्या असतात, रविवारी सकाळी नाक्यापर्यंत जाऊन येतात आणि पेट्रोलचा वास लिफ्टपर्यंत पोचवतात.

हा वास शेजाऱ्यांना येतो, सुनेला येतो, वॉचमनला येतो. मालकाला येत नाही. आलाच तर, ‘कार्बोरेटरची गाडी आहे, एवढा वास असायचाच,’ असं म्हणून तो विषय मिटवतो आणि चढ्या आवाजात दुसरा काढतो, ‘वर्षभर थेंबभर ऑइल टाकलेलं नाही. पट्टी काढून बघा!’

ऑइल मोजायची पट्टी काढावी, तर ऑइल फुलच्या खुणेच्याही वर. मालकाचा ऊर भरून येतो. खरं तर इथे पोटात गोळा यायला हवा. इंजिन म्हणजे काही द्रौपदीची थाळी नव्हे. आतलं ऑइल वाढलं, तर बाहेरून काहीतरी आत शिरतंय एवढाच त्याचा अर्थ. पाणी शिरलं असेल तर ऑइल दुधाळ दिसतं. पेट्रोल शिरलं असेल तर पातळ होतं आणि पट्टीला नाक लावलं की पंपावर उभं राहिल्यासारखं वाटतं. पट्टीवरचा थेंब कागदावर टेकवला की काळ्या डागाभोवती फिकट कडं पसरत जातं.

हे पेट्रोल येतं कुठून? पहिला संशयित इंजिनाच्या कुशीला चिकटलेला, पेट्रोल खेचणारा पंप, गॅरेजवाले ज्याला एसी पंप म्हणतात तो. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो, दांडा आतला रबरी पडदा वरखाली करतो आणि टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. पडदा फाटला की तेच पेट्रोल दांड्याच्या वाटेने थेट ऑइलमध्ये. बऱ्याच पंपांना गळती बाहेर दिसावी म्हणून अंगाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते धुळीने केव्हाच बुजलेलं असतं. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही.

दुसरा संशयित कार्बोरेटरमधलं पेट्रोल अडवणारी निडल. ती नीट बसली नाही की पेट्रोल ओसंडून सिलिंडरमध्ये उतरतं. तिसरा संशयित स्वतः मालक. चोक ओढून गाडी सुरू करायची, नाक्यावर वडापाव खायचा आणि इंजिन पुरतं तापायच्या आत परत यायचं. असं केलं की ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जायला उसंतच मिळत नाही.

गाडी गॅरेजात गेली की नाटकाचा दुसरा अंक. मिस्त्री चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढतो. आतून धूर फुसफुसतो. मिस्त्री मान हलवतो.

‘काका, बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल.’

‘खर्च किती?’

‘उतरवल्यावर सांगतो.’

रिंगा गेलेल्या असूही शकतात. पण मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो तो गॅस, पिस्टनच्या रिंगांना चुकवून, नव्या इंजिनातही थोडा खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. पूर्वी तिचं तोंड सरळ रस्त्याकडे असायचं. कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून हा गॅस व्हॉल्व्हमधून परत इंजिनात खेचून जाळायला लागले, कारण तिथल्या शहरांच्या धुरक्यात त्याचाही वाटा निघाला. नळी काजळीने तुंबली की दाब दुसरी वाट शोधतो. पॅकिंगमधून, ऑइल सीलमधून गळती सुरू होते, कधी पट्टीसुद्धा वर उचलली जाते. मग गिअरबॉक्स उतरवून मागचं सील नवं बसवतात आणि आठवड्यात ते पुन्हा गळतं. दोष सीलला लागतो, नळीकडे कुणी पाहत नाही.

गंमत अशी की ऑइलमध्ये पेट्रोल असेल तर इंजिन तापल्यावर त्याचीही वाफ त्याच झाकणातून निघते. शिवाय पातळ ऑइल रिंगांची फट नीट बुजवत नाही. म्हणजे फाटलेला पडदा झिजलेल्या रिंगांचं सोंग हुबेहूब वठवतो, आणि पडद्याच्या चुकीसाठी 1089 सीसीचं अख्खं इंजिन खाली उतरतं.

म्हणून आधी नळी साफ करावी, पंप उघडून बघावा, ऑइल आणि फिल्टर बदलावेत. तरीही धूर निघाला तर कॉम्प्रेशन मोजावं. ज्या सिलिंडरचं कमी भरेल त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा दोषी आणि मिस्त्री खरा. जेमतेम हलला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग तपासावं. ही तपासणी तासाभराची असते, पण इंजिन उतरवण्याचा थाट तिला नाही. म्हणूनच बहुधा ती कुणाला सुचत नसावी.

एवढं मात्र पाळाच. पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर तेच ऑइल ठेवून ‘फक्त घरापर्यंत’ म्हणून गाडी काढू नका. पातळ ऑइलवर बेअरिंगं झिजतात. आणि बॉनेटखाली वाकण्याआधी तोंडातली सिगारेट लांब नेऊन विझवा.