घरीच असतो तो

त्याला नाव आहे. दारावरच्या पाटीवर, वीजबिलावर ते छापलेलंही आहे. पण आमच्या सोसायटीत ते कोणी वापरत नाही. 'तिसऱ्या मजल्यावरचा, घरीच असतो ना, तो' एवढं सांगितलं की कुरियरवाल्याला पुरतं आणि गॅसवाल्यालाही.

हा फ्रीलान्स अनुवादक. वॉशिंग मशिनच्या पुस्तिका, अ‍ॅपमधल्या सूचना, औषधांच्या चाचणीत भाग घेणाऱ्यांची संमतीपत्रं असं सगळं तो इंग्रजीतून मराठीत आणतो. संमतीपत्र मराठीत झालं की दुसराच कोणी ते परत इंग्रजीत नेतो आणि अर्थ वाटेत सांडला नाही ना, हे पाहिलं जातं. जोखमीचं काम. पण तो ते बर्म्युडा घालून करतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. शर्ट खोचून खुर्चीत नुसता बसलो तरी मी 'कामावर' असायचो. हा बर्म्युडात दोन हजार शब्द उपसतो, तरी 'घरीच असतो'.

वेळेचं नियोजन त्याला जमत नाही म्हणावं, तर तसंही नाही. त्याने मला वहीत मांडून दाखवलं होतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं, स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ लावून अभ्यास केला. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, तेच त्या पद्धतीचं नाव पडलं.

"एका टोमॅटोत 250 शब्द, काका. दिवसाला दहा टोमॅटो, म्हणजे अडीच हजार शब्द. विश्रांती धरून पाच तास. बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांची आठवण करून देणं, टीडीएस जुळवणं याचे पैसे कोणी देत नाही, पण वेळ जातोच. त्याला दीड तास. संध्याकाळी मी मोकळा!"

मी बेरीज तपासली. चोख होती. फक्त त्यात सोसायटी धरलेली नव्हती.

सकाळी पहिला टोमॅटो लावला की दहाव्या मिनिटाला बेल वाजते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू किल्ली घेऊन उभ्या. "प्लंबर येईल रे, जरा उभा राहा त्याच्यापाशी. घरीच असतोस ना!"

"काकू, दोन टोमॅटो झाले की येतो."

"आणतोच आहेस तर मलाही अर्धा किलो आण."

मग चौथ्या मजल्यावरच्या मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं, टँकरवाल्याच्या कागदावर सही करायची. संध्याकाळी वहीत नोंद असते : टोमॅटो तीन, पार्सलं सात. उरलेले टोमॅटो रात्री अकरानंतर पिकतात. मग सकाळी नऊला डोळे चोळत दूध घ्यायला दार उघडलं की काकू म्हणतात, "बरंय बाबा तुझं, उठायची घाई नाही."

मीही एकदा ज्ञान पाजळलं. म्हटलं, "हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगत जातं, हे पार्किन्सनने 1955 सालीच लिहून ठेवलंय."

"वेळ माझा असतो, काका. फुगतं ते तुमचं काम," तो म्हणाला. मी गप्प बसलो, कारण तेव्हा माझ्या हयातीच्या दाखल्याचं काम त्याच्याच लॅपटॉपवर चाललं होतं.

शेवटी त्याने पुणेरी उपाय केला. दारावर पाटी लावली : 'कामाची वेळ 10 ते 5'. पाटीचा परिणाम त्याच दिवशी दिसला. आत्तापर्यंत लोक कधीही यायचे, ते आता बरोबर दहाला यायला लागले. पावणेपाचला तर दारात रांग. एक गृहस्थ सव्वापाचला आले आणि "वेळ संपली वाटतं, उद्या येतो" म्हणून समजूतदारपणे परत गेले.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मी अस्सल पुणेकर. त्याला म्हटलं, "ही पाटी काढ. मी सांगतो ती लाव." दुसऱ्या दिवशी दारावर नवी पाटी होती : 'दुपारी 1 ते 4 विश्रांती. बेल वाजवू नये.'

पुण्यात माणसाच्या कामात व्यत्यय आणता येतो, झोपेत नाही. दुपारची वामकुक्षी हा इथला हक्क आहे, तो दुकानदारांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला आहे. एक वाजला की आता जिना शांत. आत तीन तासांत सहा टोमॅटो निघतात. उरलेले चार तो सकाळी सोसायटीला जाग यायच्या आत उरकतो.

परवा अडीचला मी जिना चढत होतो. त्याच्या दाराआडून कीबोर्डची बारीक टकटक ऐकू येत होती. कुरियरवाला बेलकडे हात नेणार, तोच काकू धावत वर आल्या. त्यांनी त्याचा हात वरच्यावर धरला, सही केली आणि पार्सल स्वतःच्या काखेत मारलं.

"हळू बोला," त्या मला दटावत कुजबुजल्या, "झोपलाय तो."