बत्तीस बिटांचे बिऱ्हाड

कोल्हापूर जिल्ह्यातील दूध संस्थांच्या इतिहासात सहकार आणि म्हैस यांना जे मानाचे स्थान आहे, ते डीएलएल नावाच्या फायलीला अद्याप मिळालेले नाही. वास्तविक दर दहा दिवसांचे दूधबिल जेथे संगणकावर निघते, तेथे लिटर, दर आणि कपाती यांचा मेळ अशाच फायलींच्या आधाराने बसत असतो. डीएलएल म्हणजे सामायिक लायब्ररी, अर्थात अनेक प्रोग्रॅमना लागणारी कामे एकदाच लिहून एका फायलीत ठेवायची आणि ज्याला गरज पडेल त्याने ती ऐनवेळी तेथून उचलायची, अशी व्यवस्था होय; मटण एकदाच शिजवून त्याच अळणी पाण्यातून तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से काढणाऱ्या शहराला तिचे तत्त्व अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

पंचाईत होते ती या फायलींचे बिऱ्हाड ३२ बिटांतून ६४ बिटांत हलवताना. ३२ बिटांच्या रचनेत मेमरीतील जागेचा पत्ता ४ बाइटांत मावतो, तर ६४ बिटांच्या रचनेत तो ८ बाइटांचा होतो, आणि नव्या रचनेसाठी तसाच उचललेला जुना कोड हा लांब पत्ता लहान खोक्यात कोंबू पाहतो, तेव्हा त्याचा वरचा निम्मा भाग गळून पडतो व प्रोग्रॅम भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच निघाली नाही, त्यामुळे आता घर सोडणे भाग आहे.

जुन्यांची सोय मात्र केलेली आहे, पण ती ज्या नावांनी केली आहे त्यांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ६४ बिटांच्या लायब्रऱ्या ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये राहतात आणि ३२ बिटांच्या ‘सिसवॉव६४’मध्ये, कारण असंख्य प्रोग्रॅममध्ये पहिले नाव कायमचे लिहून ठेवलेले होते आणि ते बदलण्यापेक्षा आतली माणसे बदलणे सोपे ठरले. जुना प्रोग्रॅम ‘सिस्टिम३२’चा पत्ता विचारत आला की विंडोज त्याला गुपचूप दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन सोडते. साहजिकच, हरवलेली ३२ बिटांची डीएलएल पेनड्राइव्हवरून आणून नावाला जागणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवणारा सरळमार्गी ऑपरेटर हमखास तोंडघशी पडतो, तर वैतागून ती चुकीच्या वाटणाऱ्या फोल्डरमध्ये टाकणाऱ्याचे बिल निघते.

६४ बिटांच्या प्रोग्रॅमपुढे तीच डीएलएल उभी केल्यास तो तिला पंक्तीला बसू देत नाही आणि ती वैध ‘विन३२’ नसल्याचा संदेश देतो, म्हणजे जन्मभर ३२ बिटांत काढलेल्या फायलीला तिच्याच जातीचा दाखला नाकारतो. शिवाय या संदेशात फायलीचे नाव भरायचे पुष्कळदा राहून गेलेले असते व त्या जागी नुसतेच ‘%१’ दिसते, जे वाचून संस्थेच्या सचिवांनी कोणाच्या म्हशीच्या दुधाला एक टक्का फॅट लागली याची चौकशी लावली, तर तो त्यांचा दोष म्हणता येणार नाही.